क्लावेचे पाच ठोके आणि पोंचो सांचेझ यांचा बँड

लॅटिन जॅझ, म्हणजे क्युबन ताल आणि अमेरिकन जॅझ यांचे मिश्रण, पहिल्यांदा ऐकणाऱ्याचा पाय लगेच हलू लागतो, पण टाळी नेमकी कुठे द्यायची असे विचारले तर तो गोंधळतो. आपल्या कानांना समेची सवय आहे; लयकारी कितीही गुंतागुंतीची झाली तरी शेवटी सगळे एका जागी येऊन भेटणार, हे आपण गृहीत धरलेले असते. या संगीतात तशी भेटीची जागा शोधायला गेले की ती सापडत नाही, कारण एका तबलजीने पूर्ण ठेका धरावा आणि बाकीच्यांनी त्यावर चालावे, अशी इथली व्यवस्थाच नाही. इथे प्रत्येक वादक तालाचा एक अपुरा तुकडा वाजवतो आणि असे पाच-सहा तुकडे एकमेकांत नेमके बसले की ताल पूर्ण होतो. ही व्यवस्था समजून घ्यायची असेल तर काँगो, म्हणजे हातांनी वाजवायचा उंच ढोल, वाजवणारे ज्येष्ठ कलावंत पोंचो सांचेझ यांचा बँड हे माझ्या मते सर्वांत चांगले उदाहरण आहे. त्यांच्या बँडचा आवाज भरगच्च असला तरी त्यातले प्रत्येक वाद्य वेगळे ऐकू येते, आणि शिकणाऱ्या कानाला नेमके तेच हवे असते.

सांचेझ यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९५१ रोजी टेक्सासमधल्या लारेडो या मेक्सिकोच्या सीमेवरच्या गावी झाला. अकरा भावंडांतले ते शेंडेफळ. कुटुंब पुढे कॅलिफोर्नियात, लॉस एंजेलिसजवळच्या नॉर्वॉक इथे राहायला गेले आणि तिथेच ते लहानाचे मोठे झाले. घर मेक्सिकन वंशाचे. ज्या माम्बो आणि चाचाचा नृत्यसंगीताने त्यांना वेड लावले ते मात्र क्युबाचे, आणि ते घरात आले ते थोरल्या बहिणींच्या रेकॉर्डांमधून. गिटार, बासरी, ड्रम, टिम्बाले (धातूच्या खोडाचे दोन उथळ ड्रम) अशी वाद्ये हाताळत ते अखेर काँगोपाशी स्थिरावले आणि हे सारे त्यांनी कोणापुढे गंडा न बांधता, ऐकून ऐकून आत्मसात केले. या संगीताचा मूळ प्रदेश त्यांचा नव्हता, तरीही त्याच्या शिस्तीबाबत ते अतिशय काटेकोर राहिले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

१९७५ मध्ये कॅल जेडर यांनी त्यांना आपल्या बँडमध्ये घेतले. जेडर हे स्वीडिश वंशाचे अमेरिकन संगीतकार. ते व्हायब्राफोन, म्हणजे धातूच्या पट्ट्यांवर छोट्या काठ्यांनी वाजवायचे वाद्य वाजवत. १९५० च्या दशकाच्या अखेरीस याच जेडर यांच्या बँडमध्ये क्युबातल्या हवानात जन्मलेले माँगो सांतामारिया काँगो वाजवत असत आणि त्यांच्या शेजारी टिम्बालेवर विली बोबो असत. ज्यांच्या रेकॉर्डा ऐकून सांचेझ शिकले, त्यांच्याच जागेवर पंचविशीच्या आत ते जाऊन बसले. १९८२ च्या मे महिन्यात दौऱ्यावर असताना मनिला इथे जेडर यांचे निधन झाले, तोपर्यंत सांचेझ त्यांच्याबरोबर होते. त्यानंतर त्यांनी स्वतःच्या बँडला वाहून घेतले आणि जेडर ज्या काँकॉर्ड पिकान्ते कंपनीसाठी ध्वनिमुद्रण करत, त्याच कंपनीकडून १९८३ पासून त्यांचे आल्बम येऊ लागले. ‘लॅटिन सोल’ या आल्बमला २००० साली ग्रॅमी पुरस्कार मिळाला. चार दशकांहून अधिक काळ हा बँड चालू आहे.

आता तालाकडे वळू. या संगीताच्या मुळाशी क्लावे नावाची एक रचना आहे. ती कागदावर समजत नाही, हाताने वाजवावी लागते, म्हणून वाचता वाचता पुढची कृती खरोखरच करून पाहावी अशी विनंती आहे. मनात संथपणे एक ते सोळा मोजा आणि पहिल्या, चौथ्या, सातव्या, अकराव्या आणि तेराव्या अंकावर टाळी द्या. तेराव्यानंतर सोळापर्यंत हात थांबवून पुन्हा एकपासून सुरुवात करा. टाळ्यांमधली अंतरे अनुक्रमे तीन, तीन, चार, दोन आणि चार अशी पडतात. आपल्या तीनतालातही सोळा मात्रा आहेत, पण त्या चार-चारच्या समान विभागांत बसवलेल्या आहेत; क्लावेमध्ये तेच सोळा अंक असमान तुकड्यांत विभागले जातात. पहिल्या आठ अंकांत तीन ठोके येतात आणि ते सरळ चालीला आडवे जातात, तर नंतरच्या आठ अंकांत दोनच ठोके येतात आणि ते चालीशी जुळवून घेतात. पहिला भाग ओढ निर्माण करतो, दुसरा ती सोडवतो, आणि गाणे संपेपर्यंत हे चक्र अखंड चालू राहते.

या रचनेला तीन-दोन क्लावे म्हणतात. दोन ठोक्यांची बाजू आधी आणि तीन ठोक्यांची नंतर घेतली की ती दोन-तीन क्लावे होते. ठोके तेच, क्रम तोच, फक्त सुरुवात कोणत्या अर्ध्यापासून करायची एवढाच फरक. परंतु गाण्याची चाल कोणत्या बाजूला धरून बांधली आहे हे त्यावरून ठरते आणि एकदा ठरले की गाणे संपेपर्यंत ते बदलत नाही. एखाद्या वादकाने चुकून उलट बाजू धरली तर बाकीचे लगेच अस्वस्थ होतात. सूर बरोबर, वेग बरोबर, तरीही काहीतरी बिनसले आहे असे श्रोत्यालाही जाणवते, जरी त्याला कारण सांगता आले नाही तरी. क्लावेचा आणखी एक प्रकार रुम्बा या लोकप्रकारातून आला असून त्यात सातव्या अंकावरचा ठोका आठव्यावर सरकतो. फरक एका अंकाचा, पण तेवढ्याने साऱ्या तालाला वेगळाच झोक येतो. आधीची पाच टाळ्यांची कृती हाताला बसली की ही दुसरीही करून पाहावी.

क्लावे वाजवण्यासाठी त्याच नावाच्या टणक लाकडाच्या दोन आखूड काठ्या असतात आणि एक काठी पोकळ केलेल्या मुठीवर ठेवून तिच्यावर दुसरीने आघात करतात. पण बँडमध्ये त्या काठ्या बहुतेक वेळा कोणीच वाजवत नाही! ज्या रचनेवर सगळे उभे आहे तीच ऐकू येत नाही. ती प्रत्येक वादकाच्या मनात चालू असते आणि प्रत्येक वाद्याचा तुकडा तिला धरून रचलेला असतो. नवख्या श्रोत्याला हे संगीत अवघड वाटते त्याचे खरे कारण हे आहे, असे मला वाटते. त्याला सांगितले जाते की क्लावे ऐका, आणि ती तर कुठेच ऐकू येत नाही. ती ऐकू येण्यासाठी ती आधी आपल्या मनात चालू व्हावी लागते.

आता काँगोकडे जवळून पाहू. काँगो हा क्युबामध्ये घडलेला, आफ्रिकेतल्या काँगो खोऱ्यातून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांच्या ढोलांशी नाते सांगणारा, कमरेपर्यंत उंच, खाली निमुळता होत जाणारा आणि दोन्ही हातांनी वाजवायचा ढोल आहे. आकारानुसार त्याचे किंतो, काँगा आणि तुम्बा असे तीन मुख्य प्रकार पडतात. किंतो सर्वांत अरुंद आणि चढा, तुम्बा सर्वांत रुंद आणि खर्जाचा. पूर्वी कातडे खिळ्यांनी ठोकून बसवलेले असे आणि ते चढवायला आगीची धग द्यावी लागे. पुढे लोखंडी कडे आणि नट आले आणि पान्याने आवळून हवा तो सूर लावता येऊ लागला. या सोयीमुळेच एका वादकाने दोन-तीन काँगो वेगवेगळ्या सुरांत लावून समोर मांडणे शक्य झाले.

तबल्याला शाई असते आणि तिच्यामुळे एकाच पुडीतून अनेक बोल निघतात. काँगोला शाई नाही. सपाट कातड्यावर हात कुठे पडतो, कसा पडतो आणि पडून तिथेच थांबतो की उचलला जातो, एवढ्यावरच सगळे बोल अवलंबून असतात. बोटांच्या पेरांनी कडेजवळ मारून हात लगेच उचलला की मोकळा, घुमणारा नाद येतो. हात किंचित पेल्यासारखा करून बोटांची टोके कातड्यावर फटकारली की चाबकासारखा कोरडा आवाज येतो, त्याला स्लॅप म्हणतात, आणि तो स्वच्छ निघायला शिकणाऱ्याला कित्येक महिने लागतात. मधोमध पूर्ण तळवा टाकला की खर्ज. याखेरीज डावा तळहात मनगटाच्या बाजूने टेकवायचा आणि मग बोटे टेकवायची, अशी एक डुलती हालचाल सतत चालू असते. तिचा आवाज अगदी हलका, पण हात लयीत ठेवण्याचे काम तीच करते.

या बोलांपासून काँगोचा जो मूळ ठेका होतो त्याला तुम्बाओ किंवा मार्चा म्हणतात. आठ अंक, म्हणजे क्लावेचा एक अर्धा, मोजा: पहिल्यावर डावा तळवा, दुसऱ्यावर डावी बोटे, तिसऱ्यावर उजव्या हाताचा स्लॅप, चौथ्यावर पुन्हा डावी बोटे, पाचव्यावर तळवा, सहाव्यावर बोटे आणि सातव्या-आठव्यावर उजव्या हाताचे दोन मोकळे ठोके. दूरच्या श्रोत्याला यातले फक्त तीन ऐकू येतात, तिसऱ्यावरचा फटकारा आणि शेवटचे दोन घुमणारे ठोके. बाकीचे पाच वादकाच्या हातातच राहतात. लक्षात घ्यावे की सर्वांत भरदार आवाज आवर्तनाच्या शेवटी आहे आणि पहिला अंक, जिथे आपण सम शोधतो, तिथे जवळजवळ शांतता आहे. दोन काँगो असतील तर खर्जातल्या काँगोवरचे जादा ठोके बहुधा क्लावेच्या तीन ठोक्यांच्या बाजूला पडतात, आणि त्यामुळे जाणकार श्रोत्याला कोणती बाजू चालू आहे ते केवळ काँगोवरून ओळखता येते.

बास हे वाद्य तर याहून पुढे जाते. पाश्चात्त्य संगीतात बासने पहिल्या ठोक्यावर पाय रोवायचा हा सर्वसाधारण नियम. इथे बास पहिला अंक चक्क मोकळा सोडतो आणि आठांपैकी चौथ्या आणि सातव्या अंकावर वाजतो. सातव्यावर तो जो स्वर घेतो तो पुढच्या आवर्तनाच्या स्वरमेळातला असतो, म्हणजे पुढे काय येणार हे बास आधीच सांगून टाकतो आणि बाकीचे नंतर तिथे पोहोचतात. चाल सतत पुढे झुकलेली, धावती वाटते ती यामुळे. पियानोवादक मोंतुनो नावाचा तुटक स्वरांचा एक छोटा आकृतिबंध पुन्हा पुन्हा वाजवतो आणि त्याचे स्वर क्लावेच्या बाजू पाळतात. टिम्बालेवादक शांत भागात कातड्याला हात न लावता ड्रमच्या बाजूवर काठीने कास्कारा नावाची घट्ट वीण विणतो. बोंगोवादक मांड्यांमध्ये धरलेल्या दोन छोट्या ढोलांवर अखंड बारीक ठोके देत राहतो.

या सगळ्यांना जॅझशी जोडताना खरी अडचण लयीच्या पोटविभागणीत येते. जॅझवादक एका ठोक्याचे दोन भाग करतो तेव्हा ते सारखे नसतात. पहिला लांब आणि दुसरा आखूड असतो, आणि त्यातून जॅझची ती डुलती चाल, स्विंग, निर्माण होते. क्युबन ठेक्यातले भाग मात्र बरोबर सारखे असतात. सॅक्सोफोनवादक आपल्या सवयीने डुलत वाजवू लागला आणि खाली काँगो समान अंतराने चालला, तर दोघांचे ठोके सतत एकमेकांना घासतात. १९४० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये ही अडचण पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर समोर आली. माचितो यांच्या बँडचे संगीत सांभाळणारे मारिओ बाउसा हे क्युबाचे, पण चिक वेब आणि कॅब कॅलोवे यांच्या जॅझ बँडमध्ये वाजवून तयार झालेले ट्रम्पेटवादक होते, म्हणजे दोन्ही भाषा जाणणारे. १९४३ मध्ये त्यांनी बांधलेली ‘तांगा’ ही रचना या मिश्रणाची सुरुवात मानली जाते. १९४७ मध्ये बाउसा यांनीच चानो पोसो या हवानाच्या काँगोवादकाची ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पी यांच्याशी गाठ घालून दिली.

पोसो यांना संगीत लिहिता-वाचता येत नव्हते आणि इंग्रजीही जेमतेम होते. ‘मान्तेका’ या रचनेत कोणत्या वाद्याने काय वाजवायचे ते त्यांनी तोंडाने गाऊन दाखवले, एकावर एक थर चढवत नेले, आणि मधला जॅझच्या धाटणीचा भाग गिलेस्पी यांनी जोडला. दोन लयी एकजीव झाल्या असे अजून म्हणता येत नव्हते. एका भागात क्युबाची लय, दुसऱ्यात जॅझची, अशी ती वाटणी होती. १९४८ च्या डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात गोळी घालून पोसो यांची हत्या झाली आणि हे सहकार्य दीड वर्षही टिकले नाही. तरीही त्यानंतरच्या प्रत्येक काँगोवादकाने त्यांचे ऋण मान्य केले आहे. सांचेझ यांनी ट्रम्पेटवादक टेरेन्स ब्लँचर्ड यांच्यासह २०११ मध्ये पोसो आणि गिलेस्पी यांना वाहिलेला एक पूर्ण आल्बम केला.

माँगो सांतामारिया यांनी पुढचे पाऊल टाकले. १९६२ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या एका क्लबमध्ये त्यांच्या बँडबरोबर काही दिवस पियानो वाजवायला आलेल्या तरुण हर्बी हँकॉक यांनी मधल्या वेळेत स्वतःची ‘वॉटरमेलन मॅन’ ही चाल वाजवून दाखवली. माँगो काँगोपाशी गेले आणि त्यांनी तीत ठेका भरला, मग बँडमधला एकेक जण त्यात शिरत गेला आणि क्लबमधली माणसे उठून नाचू लागली. १९६३ मध्ये माँगो यांची ही रेकॉर्ड अमेरिकेत पहिल्या दहांत पोहोचली. ही चाल कृष्णवर्णीय अमेरिकन ब्लूज आणि सोल संगीताच्या घाटाची होती आणि त्या संगीतातले ठोके डुलत्या जॅझपेक्षा सरळ, म्हणजे काँगोशी सहज जुळणारे होते.

सांचेझ यांच्या बँडची घडण इथून सुरू होते. नॉर्वॉकमध्ये वाढताना त्यांच्या कानांवर माम्बोइतकेच सोल आणि रिदम अँड ब्लूज पडत होते, आणि तरुणपणी ते अशा बँडमध्ये गातही असत. त्यामुळे त्यांच्या कार्यक्रमात जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांची चाल, सोन हा क्युबन गानप्रकार आणि गायक जेम्स ब्राउन यांच्या वळणाचे सोल ही तिन्ही एकामागून एक येतात आणि कुठेही सांधा दिसत नाही. रे चार्ल्स, फ्रेडी हबर्ड, ह्यू मासेकेला अशा वेगवेगळ्या परंपरांच्या कलावंतांनी त्यांच्या आल्बममध्ये भाग घेतला. स्वतः माँगोही एका आल्बममध्ये त्यांच्या शेजारी बसले. पण पाहुणा कोणीही असो, खालची वीण तीच राहते: पियानो, बास, टिम्बाले, बोंगो आणि तीन फुंकवाद्ये, सर्वसाधारणपणे आठ जणांचा ताफा, आणि मध्यभागी पुढे काँगो मांडून बसलेले सांचेझ.

पुढारीपणाची ही पद्धत नीट पाहण्यासारखी आहे. काँगोवादक आडवेतिडवे, चमकदार तुकडे वाजवू लागला की टाळ्या मिळतात, परंतु सांचेझ कार्यक्रमाचा बहुतांश वेळ मार्चाच वाजवतात, तोच आठ अंकांचा ठेका, शेकडो आवर्तने. त्यात सूक्ष्म बदल होत राहतात. गायक गात असताना मोकळे ठोके थोडे दाबलेले, ट्रम्पेटचा स्वर चढला की स्लॅप अधिक धारदार. ट्रॉम्बोनवादक फ्रान्सिस्को तोरेस हे बँडचे संगीत दिग्दर्शन सांभाळतात. त्यामुळे सुरांची बाजू त्यांच्याकडे आणि जमिनीची बाजू सांचेझ यांच्याकडे, अशी कामाची विभागणी राहते. माझ्या मते ज्येष्ठ तालवादकाची खरी परीक्षा त्याच्या एकलवादनात होत नाही. शेवटच्या रांगेतल्या जोडप्याला नाचताना पाऊल कुठे टाकायचे याचा विचार करावा लागतो की नाही, यात ती होते.

मराठी श्रोत्याला बोंगो-काँगोचा नाद वाटतो तितका परका नाही. सी. रामचंद्र यांनी १९५१ च्या ‘अलबेला’ चित्रपटातल्या गाण्यात भगवानदादांसाठी बोंगो, ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन एकत्र आणले आणि कावस लॉर्ड यांच्यासारख्या मुंबईतल्या वादकांनी ही तालवाद्ये हिंदी चित्रपटसंगीतात रुजवली. तिथे ही वाद्ये बहुतेक वेळा आपल्या केहरव्यावर चालली. वाद्य तेच असले तरी क्लावेचे दोन-बाजूंचे बंधन त्या वादनावर नव्हते, आणि म्हणून हिंदी गाण्यांतून काँगो ओळखीचा झालेला कानही लॅटिन जॅझ ऐकताना सुरुवातीला अडखळतो.

ऐकायला सुरुवात करताना एकदम सगळा बँड ऐकू नये. पहिल्या वेळी फक्त बासमागे जावे आणि तो पहिला अंक कसा टाळतो ते पाहावे. दुसऱ्या वेळी काँगोचे ते दोन मोकळे ठोके पकडावेत. ते सापडले की आठ अंक आपोआप मोजले जातात. त्यानंतर हाताने पाच टाळ्यांची क्लावे चालू करावी, आणि ती गाण्याशी भांडत असेल तर मधूनच थांबवून दुसऱ्या अर्ध्यापासून धरावी. दोनपैकी एक बाजू बसतेच. शेवटी गाण्याचा सांधा शोधावा. मुख्य चाल आणि एकलवादने झाल्यावर मोंतुनोचा भाग येतो, ज्यात तोच छोटा आकृतिबंध फिरत राहतो, गायक आणि कोरस एकमेकांना उत्तरे देतात आणि फुंकवाद्ये थरांवर थर चढवतात. तो भाग सुरू होण्याच्या अगदी आधी टिम्बालेवर एक छोटा, तडतडता तोडा येतो. त्याच क्षणी बोंगोवादक बोंगो बाजूला ठेवून हातात घंटा घेतो, टिम्बालेवादक ड्रमची बाजू सोडून आपल्या घंटेवर येतो, आणि पुढच्या आवर्तनापासून दोन्ही घंटा काँगोच्या मार्चावर एकदम वाजू लागतात.